दारावरची दुसरी गुंडाळी

मी अर्गोब दरवाज्याजवळच्या एका घराला चुना लावत होतो. गल्लीतून माझी मेहुणी नेजात येताना दिसली. माझी बायको फेतिया दिरे दावाच्या इस्पितळात होती आणि नेजात तिच्याजवळ राहायची. म्हणजे ती या वेळी इथे हरारमध्ये असायला नको होती.

"रेदवान, आधी हात धू," ती म्हणाली.

मी हात धुतले. मग तिला काही सांगावं लागलं नाही.

याच नेजातशी एकदा माझं लग्न ठरलं होतं. फेतिया ही गोष्ट शहर बघायला आलेल्या पाहुण्यांना रंगवून सांगायची. मला रंगवता येत नाही, पण आता सांगणारा मीच उरलोय.

तेव्हा मी पंचविशीत होतो. या दोघी बहिणींच्या घराच्या भिंतीचे पोपडे निघाले म्हणून मला बोलावलं होतं. मी शिडीवर, आणि खाली फेतिया टोपली विणत बसलेली. माझ्याकडे न बघता ती बोलायला लागली.

"तू शहराच्या तटाचीही डागडुजी करतोस ना? मग पायथ्याची भोकं बुजवू नकोस हं. तरसांची वाट आहे ती."

"माहीत आहे. मी इथलाच आहे."

"हो? मग सांग, पूर्वी संध्याकाळी तटाचे पाचही दरवाजे बंद झाले की किल्ल्या कुठे जायच्या?"

"...पहारेकऱ्याकडे?"

"गावच्या राजाकडे, अमीराकडे. उशीर झालेली माणसं रात्रभर तटाबाहेर, आणि तरसं मजेत आत." तिने आता वर बघितलं. "असला न्याय आपल्या गावात."

तिला असल्या जुन्या गोष्टी किती तरी माहीत होत्या. ती बोलायची, मी ऐकायचो, आणि भिंत काही संपायची नाही.

"अजून किती दिवस?" तिने एकदा विचारलं.

"भिंत वाळत नाही..."

"एवढ्या उन्हात?"

"आतून ओली आहे."

"भिंत की गवंडी?" असं म्हणून ती खाली बघून विणत राहिली. तिचा कान मात्र लाल झाला होता.

त्यांच्या दाराच्या वरच्या फळीवर गालिच्याची एक गुंडाळी होती. आमच्याकडे त्याचा अर्थ लहान मुलालाही कळतो – घरात लग्नाची मुलगी आहे. मी आईला सांगितलं. माझे दोघे काका रीतीप्रमाणे चघळायच्या पाल्याच्या जुड्या घेऊन तिच्या वडिलांकडे गेले. मुलीचं नाव घेणं बरं दिसत नाही, म्हणून 'दारावरच्या गुंडाळीची मुलगी' मागितली. वडील हो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी हसतच शिडी लावली. फेतियाने मान वर केली नाही.

"मुबारक हो," ती म्हणाली. "नेजात चांगली आहे. भाकरी करपवते, पण चांगली आहे."

"नेजात–?"

"गुंडाळी तिची आहे. माझं ठरलं होतं तेव्हा माझी उतरवली. मग ते मोडलं... आणि परत लावायची आईला लाज वाटली."

माझ्या कुंच्यातून चुना ठिबकत होता.

"मला वाटलं, ती तुझी आहे," मी म्हणालो.

"मग जाऊन सांग तसं."

"कसं सांगू? नेजातची बेअब्रू होईल. तुझे वडील मला पुन्हा उंबऱ्यात उभं करणार नाहीत."

"आणि नाही सांगितलंस तर मी तुझी मेहुणी. दर ईदला तुला जेवायला वाढायचं मी." तिने टोपली बाजूला ठेवली. "मला नाही जमायचं ते, रेदवान."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर फळीवर दोन गुंडाळ्या होत्या. दुसरी लाल, अजून धूळ न झटकलेली. फेतियाच्या हातालाही धूळ होती. आतून तिच्या आईचा आवाज येत होता आणि तो गोड नव्हता. नेजात दारात टेकून उभी होती.

"बाबा, मला तर या माणसाचा चुन्याचा वासच सहन होत नाही," ती म्हणाली. "ताईला होतो म्हणे."

वडिलांनी बाहेर येऊन फळीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझे काका कोणती गुंडाळी म्हणाले होते रे?"

"लाल..."

"असेल, असेल. परवा ती मला दिसलीच नाही बघ. डोळे गेले माझे," म्हातारा म्हणाला आणि आत जाऊन बायकोची समजूत घालू लागला.

मी त्या दिवशी शेवटची भिंत संपवली. फेतिया शिडी धरायला आली. शिडीला धरायची काही गरज नव्हती.

"एक अट आहे," ती म्हणाली. "आपल्या घरात भिंती तुझ्या. बसायचे ओटे माझे. रमजानच्या आधी लाल मातीने मीच सारवणार. तू हात लावायचा नाही."

"का पण?"

"तू सगळं सरळ रेषेत करतोस. बघून झोप येते मला."

आमचं घर तसंच चाललं. ओट्यांच्या कडा दर वर्षी थोड्या वाकड्या व्हायच्या. ते लाल का असतात, असं पाहुणे विचारायचे, आणि चेलेंकोच्या लढाईत पडलेल्या हरारच्या माणसांच्या आठवणीसाठी, असं ती सांगायची. सांगताना तिचा हात ओट्यावरून फिरत असायचा.

आता रमजान जवळ आलाय. घराच्या भिंती मी करून घेतल्या. नेजातने लाल माती आणून भिजत घातली आहे, पण तीही पुढे हात लावत नाही.

ओटे सारवायचे राहिले आहेत.