घुमटातली सवत

चौऱ्याहत्तर साल होतं. गोठ्यातली वैरण संपली, तर मालक म्हणाले, "चल, घुमटातून कडबा आणू." लग्न होऊन मनमाडहून येऊन मला वीसच दिवस झालेले. नवऱ्याबरोबर दोघंच जायचं म्हणून मी हरखले.

सायखेड्याच्या अलीकडे, गोदाकाठी तो घुमट. कुणी म्हणे पिराची कबर. पांडवलेणी बघून आलेले बौद्ध म्हणत, हा आमच्या स्तूपाचा आकार. गुरव म्हणे, देऊळच हे, कळस तेवढा चढायचा राहिला. माझ्या सासऱ्यांनी त्यात कडबा भरला, कारण आत पाऊस लागत नाही.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, आत ओल आणि वटवाघळांचा वास. त्या घुमटाची एक खोड होती. एका भिंतीशी कुजबुजलं की समोरच्या भिंतीशी अगदी कानात बोलल्यासारखं ऐकू येई. मालकांना ती ठाऊक नसावी. मी ह्या भिंतीशी, ते समोरच्या. पाठमोरे पेंढ्या ओढत ते पुटपुटले,

"आणली बघ... आता माझा पिच्छा सोड."

मला वाटलं, चेष्टा. तेवढ्यात बाईचा आवाज आला.

"टाक घातला तिच्या गळ्यात?"

"घातला. खंडोबाचा म्हणून सांगितलं."

माझा हात गळ्याशी गेला. पहिली बायको मेली की तिचा चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात, सवतीनं शांत राहावं म्हणून. हळदी-कुंकू आधी तिला, मग आपल्याला. आणि माझ्या बापाला ह्यांनी प्रथमवर म्हणून सांगितलेलं!

"तुमची पहिली होती?"

ते पेंढ्या घेऊन बाहेर गेले नि कडी लावली.

"बोला दोघी. काय ते मिटवा."

मी हाका मारल्या. घुमटानं काही मलाच परत दिल्या, काही आत ठेवून घेतल्या. मग कानाशी कुणी म्हणालं, "रडू नको गं... मलाबी ह्यानंच कोंडलं होतं. तीन दिस..."

सांजेला शेण वेचायला आलेल्या भागीबाईनं कडी काढली. "अगं लंका! नवसाबाईचं केलं तेच तुझं करत होता का मुडदा?"

म्हणजे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. माझ्या अंगाला हळद लावणाऱ्या बायांनासुद्धा.

तशीच मनमाडला आले. सावळीराम त्याचं नाव. टाकलेल्या नवऱ्याचं नाव घ्यायला कसली लाज? दोनदा न्यायला आला, मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला नाही.

आठ वर्षांनी ऐकलं, त्यानं तिसरी केली. तिला सावध करायला निरोप धाडावा म्हणते, तोवर तीच पोर दारात. सुमन. पायांत चपला नाहीत, केसांत कडब्याची कुसळं.

"घुमटातनं पळाले, अक्का."

"कशी गं पळालीस?"

"आत दोघी होत्या. एक म्हणाली, कडी खिळखिळी हाय, ढकल. दुसरीनं मनमाडचं हे घर सांगितलं..."

मी तिला पाणी दिलं. म्हटलं, "घे बाई, बस."

तांब्या तिच्या हातातून पडला. ती मागं मागं सरकली.

"हा... हा त्या दुसरीचाच आवाज... आत तुमीच बोलत होता."