आवाजाचा नकाशा

वैशाख अर्धा सरला की मुलुंडच्या डोंगराखालच्या आंबराईत नवरंग येतो. मुठीएवढा पक्षी, पण पहाटे दोन सुरांची शीळ घालतो ती साऱ्या बागेला ऐकू जाते. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून निवृत्त झाल्यावरही महादूसर दर वर्षी चार-पाच मुलं घेऊन तिथे तंबू ठोकत. ती शीळ ऐकली की वर्ष सार्थकी लागलं, असं त्यांना वाटे.

यंदा मात्र त्यांच्या कानांनी दगा दिला होता. जवळून बोललेलं कळे. बारीक आवाज गेले ते गेलेच. नवरंग आला की नाही, हे आता मुलांच्याच कानांनी कळणार होतं.

उजाडताना सर मधोमध खुर्चीवर बसले, भोवती पाच मुलं गोल करून.

"कागदाच्या मध्ये फुली मारा. ती म्हणजे तुम्ही. आता डोळे मिटा. शीळ जिकडून येईल तिकडे बाण काढा. पाचही बाण जुळले की पक्ष्याचं झाड सापडतं."

"आणि तो आलाच नाही तर?" दिशाने ओरडून विचारलं.

"तर कोरा कागद द्यायचा. ठोकून द्यायचं नाही."

"कृणाल कोरा देईल ना, सर! परीक्षेत पण देतो."

"ए, गप गं!" कृणाल म्हणाला.

हसणं ओसरलं. पाडाच्या आंब्यांचा वास दाटला होता. सरांना काहीच ऐकू येईना. घशात मात्र काहीतरी थरथरे, थांबे, पुन्हा थरथरे. वय झालं, दुसरं काय.

मग दिशाशेजारच्या निशाची पेन्सिल हलली. पाठोपाठ सगळ्यांच्या.

सरांचे डोळे भरून आले. आला! पोरांनो, तुमचे उपकार.

जो जिथे बसला होता तिथेच त्यांनी कागद जमिनीवर ठेवायला सांगितले.

पाचही बाण आत वळलेले. खुर्चीकडे.

"थट्टा करता म्हाताऱ्याची?"

निशा त्यांच्या कानाशी आली. "तुम्हीच शीळ वाजवत होता ना, सर?"

सरांच्या तोंडात एकही दात नव्हता, शीळ घालणार कशी? त्यांनी वर पाहिलं. डोक्यावर फांदीही नव्हती, नुसतं आभाळ.

ते घाबरले नाहीत. त्यांचे हात आपोआप जुळले.

"शाब्बास रे, पोरांनो," सर म्हणाले, आणि घशात पुन्हा तेच थरथरलं.

पाचही मुलांनी डोळे मिटले, आणि कागदावर वाकून आणखी एक बाण काढला.