चढावर अडलेली गाडी

"गाडी तीच, चढ तोच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोमवारी चढली. मंगळवारी सकाळी अडली. त्याच दुपारी पुन्हा चढली. आता मी काय समजायचं?"

आत्याबाईंनी त्यांच्यापुढे चहा सरकवला. तीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासल्या होत्या. निवृत्त झाल्यावर लोक गाड्यांबरोबर माणसांच्या भानगडीही आणू लागले. मदतीला भाचा होता. तो शाळेत गणित शिकवायचा, पण आत्यांच्या मते दोन आणि दोन चार होतात हे त्याला फक्त फळ्यावरच दिसायचं.

"पहिल्यापासून सांगा," आत्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंचा फिरता दवाखाना होता, डोंगरातल्या सात वस्त्यांसाठी. चारही चाकांनी ओढणारी त्यांची जुनी गाडी आता थकली होती. वापरलेल्या गाड्यांच्या दुकानात अगदी तशीच, पण कमी चाललेली एक गाडी आली होती.

"आमचे ड्रायव्हरमामाच महिनाभर मागे लागले होते, बाई, हीच घ्या म्हणून. सोमवारी दुकानदारानं ती मला चढवून दाखवली. मंगळवारी मामांनी चालवायला घेतली. कुठं न थांबता सरळ चढावर घातली आणि अर्ध्यात रुतलो. मागची चाकं चिखल उडवतायत, पुढची ढिम्म. मामा म्हणाले, हिचा नाद सोडा. दुपारी दुकानदारानं पुन्हा वर नेऊन दाखवली."

"मग दुसरी बघा की एखादी," भाचा म्हणाला.

"वेळ कुठंय? वरच्या वस्तीत एक बाई आहे. दिवस भरत आलेत आणि बाळ आडवं आहे. दोन-चार दिवसांत तिला खाली आणली नाही, तर दोघांचंही काही खरं नाही. आमची जुनी गाडी एकदा वर जाईलही, पण तिला घेऊन खाली येईल याची खात्री नाही." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "आणि दुकानातल्या त्या गाडीवर एका ठेकेदाराचाही डोळा आहे. मंगळवारी सकाळी तो तिच्या चाकांपाशी घुटमळत होता."

"मिळाला की चोर," बाहेर पडल्यावर भाचा म्हणाला.

"उत्तर आधी लिहून मग रीत करतोस का रे वर्गात?" आत्या म्हणाल्या.

ठेकेदार एका अर्धवट इमारतीपाशी भेटला. प्रश्न ऐकून त्याला रागापेक्षा हसूच आलं.

"मी काय बिघडवणार? माझ्या सगळ्या गाड्या नव्या, बटणावर चालणाऱ्या; या जुन्यांतलं मला काय कळतं? हिच्या पुढच्या चाकांच्या मध्यावर त्या शोभेच्या गोल चकत्या आहेत ना, एकीवर ओरखडा होता. बदलून देता का, एवढंच विचारायचं होतं मला."

दुकानदार तिशीतला, सडपातळ, दोन दिवस झोप नसल्यासारखा दिसत होता.

"दोन महिन्यांपूर्वी घेतली, आहे तशी," तो म्हणाला. "मामा माझे सासरे. त्यांच्याच हातात जायची गाडी, म्हणून सोमवारी संध्याकाळी मीच म्हटलं, खाली शिरून सगळं एकदा नीट बघा, ऑइलही बदलून टाका. मंगळवारपासून माझ्याशी धड बोलत नाहीत. गाडी अडली यात माझा काय दोष?"

आत्यांनी भाच्याच्या हातात टॉर्च दिला आणि गाडीखाली बोट दाखवलं. भाचा कुरकुरत शिरला आणि खूश होऊन बाहेर आला.

"एकदम टकाटक. बाकी सांगाड्यावर थोडा गंज आहे, पण डाव्या चाकामागे हातभर जागा नवी कोरी काळी आहे. निगा राखलेली दिसतेय."

"छान," म्हणत आत्या गुडघ्यांना बोल लावत स्वतःच खाली शिरल्या.

दुपारी ड्रायव्हरमामांनी त्यांना जुन्या गाडीतून तो चढ दाखवायला नेलं. पायथ्याशी मामांनी गाडी थांबवली. खाली उतरले, पुढच्या एका चाकापाशी वाकले, मग दुसऱ्यापाशी, आणि हात पुसत परत येऊन बसले. मागे डॉक्टरीणबाईंनी केसपेपरांतून मानही वर केली नाही.

"हवा बघत असतील," भाचा पुटपुटला.

"किती वर्षं झाली मामा, या रस्त्याला?" आत्यांनी विचारलं.

"बावीस."

"मंगळवारी काय झालं?"

"गाडीच खराब ती," मामा म्हणाले. त्यांची नजर रस्त्यावरून हलली नाही.

आत्यांनी तिथूनच गाडी दुकानाकडे वळवायला सांगितली. छोट्या ऑफिसात सगळे दाटीवाटीनं बसले. मामा मात्र दारापाशीच उभे राहिले.

"गाडीत कुणी काही बिघडवलं नाही," आत्या म्हणाल्या. "ठेकेदार ज्यांना शोभेच्या समजला, त्या चकत्या हातानं फिरवल्या तरच पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतो. सपाट रस्त्यावर त्या मोकळ्या ठेवायच्या, चढाआधी उतरून जोडायच्या. दुकानदारानं दोन्ही वेळा ते केलं. मंगळवारी सकाळी गाडी न थांबता चढावर गेली, म्हणजे त्या कुणी जोडल्याच नाहीत."

"मामा विसरले असतील," भाचा म्हणाला.

"आज बघितलंस ना? बावीस वर्षांची सवय आहे ती, इतकी की बाईंना दिसेनाशी झालीये. ते विसरले नाहीत, त्यांनी मुद्दाम जोडल्या नाहीत. महिनाभर 'घ्या घ्या' म्हणणारा माणूस एका रात्रीत फिरतो, आणि मधे घडतं एकच: तो गाडीखाली शिरतो. डाव्या चाकामागची ती कोरी काळी जागा म्हणजे निगा नव्हे. सांगाडा तिथं तुटला होता. वेल्डिंग करून वर रंग फासलाय. दोनदा निभावलं, पण कधी ना कधी भर चढावर तिथंच पुन्हा तुटला असता."

डॉक्टरीणबाई सुन्न झाल्या. "मामा, मला सांगायचं नाही का?"

"काय सांगू, बाई?" मामा म्हणाले. "जावयानं फुटकी गाडी तुमच्या गळ्यात मारली, हे? पोर नांदतेय त्या घरात. म्हटलं, गाडी अडली की तुम्हीच नाही म्हणाल."

"मला तरी विचारायचं होतं," दुकानदार म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"विचारलं असतं आणि तुम्ही 'हो, माहीत होतं' म्हणाला असता, तर? त्यानंतर पोरीच्या डोळ्याला डोळा कसा भिडवला असता मी?"

भाच्याला मामांची फार दया आली, आणि दुकानदाराची थोडी जास्तच.

"मामा, तुमचं एक चुकलं," आत्या हलकेच म्हणाल्या. "खाली शिरून सगळं बघा असं तुम्हाला सांगितलं कुणी? यांनीच. ज्याला वेल्डिंग लपवायचंय तो बावीस वर्षं मुरलेल्या ड्रायव्हरला, तेही स्वतःच्या सासऱ्याला, टॉर्च घेऊन खाली पाठवेल का? तुमचा जावई फसलाय. त्यानं फसवलं नाही."

मामांनी जावयाकडे पहिल्यांदाच सरळ पाहिलं.

"जावईबापू, मी तुम्हाला चोर समजलो."

"समजलात ते समजलात, मामा. पण दोन दिवस एकट्यानं पोटात ठेवलंत, ते जास्त लागलं." दुकानदारानं डोळे पुसले आणि ठेकेदाराला फोन करून ही गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मग खिशातून किल्ली काढली. "बाई, बाहेर आमची घरची गाडी आहे. चारही चाकं ओढतात, माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. दुसरी मिळेपर्यंत वापरा. त्या बाईला कधी आणायचंय?"

"जमलं तर आजच. अंधाराआधी खाली यायला हवं."

त्यानं किल्ली मामांपुढे धरली. मामांनी हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. बावीस वर्षांत त्यांनी त्या डोंगरावर दुसऱ्या कुणाला स्टिअरिंग दिलं नव्हतं, एकदा ताप असतानाही नाही.

"तुम्ही चालवा," ते म्हणाले. "मी शेजारी बसतो."

डॉक्टरीणबाई बॅग उचलून मागच्या सीटवर जाऊन बसल्या.