लांडग्याच्या तोंडात

हे खरं आहे. इटलीतल्या पार्मात, आमच्याच थिएटरात, १९८७च्या नोव्हेंबरातल्या एका रविवारी घडलं. ज्यांना पटत नसेल त्यांनी तीन नंबरच्या मेकअपरूममध्ये भर दुपारी एकट्याने बसून दाखवावं.

अमेदेओ गिरार्दी माझे मामा. चीज बनवणाऱ्याचा मुलगा. दहा वर्षं कोरसच्या मागच्या रांगेत काढली, मग ऑपेरातले बॅरिटोन झाले. भरदार, खर्जाकडे झुकणारा आवाज. नायिका मात्र या आवाजाच्या वाट्याला येत नाही.

"जन्मभर एक तर बाप, नाहीतर खलनायक!" मामा म्हणायचे.

पहिली मोठी भूमिका त्यांना मिळाली, ती ओरेस्ते बांदिनींचा आवाज बसला म्हणून. ओरेस्ते त्यांचे गुरू. शिष्याने आपली जागा घेतली हे म्हाताऱ्याला शेवटपर्यंत पचलं नाही. पुढे तीन नंबरच्या खोलीतच, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले.

त्या रविवारी साडेतीनचा प्रयोग होता. बाहेर दाट धुकं. मामांचा घसा सकाळपासून धरलेला. आणि आमच्या गॅलरीतली माणसं कशी, तर एक सूर चुकला की शिट्ट्या मारून घरी पाठवणारी.

"अरे, भोपळा भरलेल्या तोर्तेल्ली पास्त्याची दोन ताटं हाणलीस!" कपडेपट सांभाळणाऱ्या इनेसबाई करवादल्या. "आता आवाज कुठून काढणार, पोटातून?"

"तिथूनच निघतो तो." मामा हसले, मग आरशाकडे वळले. "आज आपल्या गावात शिट्ट्या पडल्या ना, इनेसबाई, तर मी संपलो."

बाई त्यांच्यासाठी चहा आणायला खाली गेल्या.

आमच्याकडे स्टेजवर जाणाऱ्याला कुणी शुभेच्छा देत नाही. "लांडग्याच्या तोंडात जा!" म्हणतात. त्यावर उत्तर एकच... "मरो मेला लांडगा!"

धन्यवाद म्हणायचं नाही. कधीच नाही. म्हटलं की समोरच्याने दिलेलं घेतलं, आणि घेतलं की फेडावं लागतं.

मामा तीन नंबरच्या खोलीत आरशासमोर मिशी चिकटवत होते.

टक्... टक्... टक्.

"लांडग्याच्या तोंडात जा, पोरा..."

आवाज घोगरा होता. मामांचं सगळं लक्ष मिशीत.

"धन्यवाद, धन्यवाद," ते म्हणून गेले.

बाहेर पावलं वाजली नाहीत.

थोड्या वेळाने इनेसबाई चहा घेऊन आल्या.

"दार तुम्हीच वाजवलंत ना?"

"मी? मी आत्ता जिना चढून येतेय. कोण होतं?"

मामांचा हात मिशीवरच थांबला. 'पोरा' म्हणणारा माणूस त्यांच्या आयुष्यात एकच होता.

"अमेदेओ... उत्तर काय दिलंस तू?"

मामांनी मान खाली घालून उरलेली मिशी चिकटवली.

स्टेजवर गेल्यावर मामांनी भीत भीत तोंड उघडलं...

आणि घसा मोकळा होता. असा आवाज त्या थिएटरात कित्येक वर्षांत घुमला नव्हता. गॅलरी उभी राहिली. वरून एक म्हातारा रडत ओरडला,

"ब्राव्हो, बांदिनी!"

त्याला कुणी हसलं नाही. गात मामा होते. आवाज त्यांचा नव्हता.

पडदा पडला. इनेसबाईंनी त्यांना मिठी मारली. काहीतरी सांगायला मामांनी तोंड उघडलं...

काहीच आलं नाही.

डॉक्टरांना घशात दोष सापडला नाही. अकरा वर्षं मामा पाटीवर लिहून बोलले. मग गेले.

आता त्याच थिएटरात मी गातो. गेल्या रविवारी पहिली मोठी भूमिका मिळाली. खोली तीन नंबरची.

टक्... टक्... टक्.

"लांडग्याच्या तोंडात जा, पोरा..."

या वेळी आवाज घोगरा नव्हता. भरदार होता. लहानपणी मला मांडीवर घेऊन गाणारा.

किती वर्षांनी ऐकला मी तो! डोळे भरून आले. त्या भरात ओठांपर्यंत काय आलं, ते मला पक्कं आठवतं.

बाहेर पडलं की नाही, ते आठवत नाही.

गाणं रंगलं. वरून कुणीतरी नाव घेऊन ओरडलं. कुणाचं, ते मी ऐकून घेतलं नाही.

आज चार दिवस झाले. मी अजून तोंड उघडून पाहिलेलं नाही.

म्हणून हे लिहून सांगतोय.