टाकीच्या तोंडाशी टांगलेला बिल्ला

जेवणं उरकली की आखातातल्या झिंज वस्तीतल्या एका इमारतीची पोरं गच्चीवर यादवरावांभोवती कोंडाळं करतात. यादवरावांनी आधीच बजावलं, ही गोष्ट ऐकीव नाही. रुपेश त्यांच्याच मजल्यावरचा, भिंतीला भिंत लागून. त्या दिवशी त्याच्याकडे बोंबलाची चटणी होती, इथवर त्यांना ठाऊक.

भीमजयंतीच्या आदल्या रात्रीची गोष्ट. जवळच्याच अदलियातल्या हॉलवर कार्यक्रमाची तालीम चालली होती. तेवढ्यात रुपेशला तो कामाला होता त्या जहाजांच्या यार्डातून फोन आला. बार्जवरच्या टाकीत सकाळी तेल भरायचंय, झाकण लावून ये, खलास.

बार्ज म्हणजे एके काळचं तेलवाहू जहाज. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत घाईघाईने बांधलेलं. तशी कितीतरी बांधली, सगळी एकाच नकाशावर. तीच शिडी, तेच झाकण. बरीचशी माणसांसकट बुडाली. हे उरलं, इंजिन काढून धक्क्याला बांधलेलं.

यार्डाचा रिवाज असा, की टाकीत उतरणाऱ्याने आपला बिल्ला तोंडाशी हुकाला टांगायचा, वर आला की काढून न्यायचा. झाकण लावणाऱ्याने आधी हातोडीचे तीन ठोके द्यायचे. आतून उत्तर आलं तर झाकण लावायचं नाही.

हुक रिकामे होते. रुपेशने तीन ठोके दिले.

आतून तीन आले.

 रुपेशचा मावसभाऊ उज्ज्वल दुपारी याच टाकीत साफसफाईला होता. पोरगं विसराळू, बिल्ला खिशातच ठेवायचं. फोनवर फोन केले, उचलेना. हाका मारल्या. नुसते ठोके... खरं तर मदत बोलवायची, तोंडाशी माणूस उभा करायचा. पण आतली हवा वाईट. थांबायचं कसं? स्वतःचा बिल्ला टांगून रुपेश एकटाच उतरला.

तळाशी कोणी नव्हतं.

ठोके पुढे सरकले. पलीकडच्या टाकीत. मधल्या भोकातून तोही गेला. तिथेही कोणी नाही... डोकं गरगरलं. हाताला शिडी लागली म्हणून वाचला. पलीकडच्या तोंडातून वर येऊन पडला.

बऱ्याच वेळाने सावरल्यावर आपला बिल्ला घ्यायला गेला. शेजारच्या हुकावर उज्ज्वलचा बिल्ला होता.

मघाशी नव्हता.

उज्ज्वल उशिरा तालमीला पोचला होता, ढोलात त्याला फोन ऐकू आले नव्हते. मग मिस्ड कॉल बघून, दादा बार्जवर गेल्याचं कळून तो धावत आला. दादाचा बिल्ला दिसला. दादाला काढायला उतरला.

रुपेशने ठोके दिले. आतून तीन आले.

"जिवंत आहे," म्हणत तो मदतीला पळाला.

उज्ज्वलला वर काढलं. डॉक्टर म्हणाले, तळाशी पोचला तेव्हाच गेला असणार.

 गच्चीवरच्या पोरांतल्या मैत्रीने विचारलं, "अंकल, मग ठोके कोण देत होतं?"

यादवराव म्हणाले,

"एका नकाशावरची जहाजं, बाळा. बुडालेल्या माणसाला अंधारात कसं कळावं, आपलं कुठलं..."

पहाटे रुपेश बिल्ले आणायला गेला. त्याचा स्वतःचा होता. उज्ज्वलचा नव्हता. कोणी हात लावला नव्हता, आजवर सापडलाही नाही.

त्या हुकावर पितळेचा एक बिल्ला होता. हिरवा पडलेला. यार्डात तसले बिल्ले कधीच नव्हते.

त्यावरून खारं पाणी ठिबकत होतं.