उंबरठारेषा

साताऱ्याबाहेरच्या टेकडीवर अपमृत्यू संशोधन संस्थेची प्रयोगशाळा होती आणि तिच्यात चार कपाटं होती. त्यांच्यावर पाट्या होत्या : युद्ध, हिंसा, आपत्ती, आत्महत्या. कपाटांत माणसांचे दात होते. ठिकठिकाणच्या नातेवाइकांनी आपल्या गेलेल्या माणसांचे दात राजीखुशीनं इथे पाठवले होते. जिवंतपणी ज्यांचं एकमेकांशी क्षणभर पटलं नसतं, अशी माणसं इथे शेजारी शेजारी बिनतक्रार राहत होती.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," डॉ. रेमंड घोन्साल्विस पाहुण्यांना म्हणाले. "आमच्या संस्थेचं मात्र त्याच्यावरच चाललंय."

पाहुण्या डॉ. कुमुद रणपिसे आरोग्य खात्यात मृत्यूंच्या कारणांची वर्गवारी करत. त्या हसल्या नाहीत. उभ्या आयुष्यात त्यांनी इतके मृत्यू कप्प्यांत टाकले होते की विनोद कुठल्या कप्प्यात टाकायचा हे त्यांना चटकन सुचत नसे.

"मला एवढंच सांगा," त्या म्हणाल्या, "नदीत सापडलेला माणूस पाय घसरून पडला, कुणी ढकलला, की आपण होऊन गेला, हे तुमचं यंत्र सांगू शकतं का? असे मृत्यू मला 'अनिश्चित' म्हणून टाकावे लागतात. घरचे लोक वर्षानुवर्षं विचारत राहतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं."

खिडकीपाशी उभ्या असलेल्या डॉ. सुनीती मगदूमनं वळून पाहिलं. थरवाचक हे यंत्र तिनंच बनवलं होतं, आणि ते नेमकं याच प्रश्नासाठी बनवलं होतं. तिचा थोरला भाऊ श्रेणिक आपत्ती बचाव दलात होता. कृष्णेच्या महापुरात त्यानं कित्येक लोकांना बाहेर काढलं, आणि जे जिवंत हाती लागले नाहीत त्यांनाही काढलं. पुढच्या वर्षी तोच, माशासारखा पोहणारा श्रेणिक, त्याच नदीत बुडाला. पंचनाम्यात 'अनिश्चित' असा शेरा आला. त्या एका शब्दानं सुनीतीला धड रडूही दिलं नव्हतं.

"सांगू शकतं, असं आम्हाला वाटलं होतं," ती म्हणाली. "दाताच्या मुळावर एक पातळ लेप असतो. आम्ही त्याला मूळलेप म्हणतो. झाडाच्या खोडात जसं दर वर्षी एक वलय वाढतं, तसा त्यावर दर वर्षी एक थर चढतो. आमचा थरवाचक त्या थरातले आठवडेसुद्धा वेगळे करतो."

"आणि त्यात मरण कसं दिसतं?"

"आपण आता जगत नाही, असं शरीराला वाटलं की रक्तात काही द्रव्यं उसळतात. त्या वेळचं खनिज काळपट बसतं. ती उंबरठारेषा. धोका बाहेरून आला असेल, म्हणजे सुरा, दरड, तोफगोळा, आणि माणूस त्यातून वाचला, तर रेषा केसासारखी बारीक उमटते. तिथल्या तिथे मेला तर काहीच उमटत नाही, कारण लेपाला वेळच मिळत नाही. पण धोका आतून आला, माणसाचं मनच जगायला नकार देऊ लागलं, तर रेषा आठवडेच्या आठवडे साचत जाते. ती धुरकट आणि दाट असते."

"म्हणजे अगदी कडेला दाट रेषा असली तर आत्महत्या, नसली तर नाही. सोपं आहे."

"आम्हीही तसंच समजत होतो," रेमंड म्हणाले. "मग आम्ही चारही कपाटं वाचली, आणि दातांचा धंदा असून तोंडात बोटं घालायची वेळ आमच्यावर आली."

त्यांनी खोलीतले दिवे मालवले. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर एका दाढेचा मूळलेप उमटला, जमिनीपासून छतापर्यंत. थरावर थर, त्यांत मधूनच काळ्या रेषा. हा दात युद्धाच्या कपाटातला होता. सैनिक तोफगोळ्यानं गेला होता. पण त्याच्या लेपात, मरणाच्या कितीतरी आधी, तीन धुरकट रेषा होत्या. पुढचा दात भूकंपात गेलेल्या बाईचा. तिच्या लेपात तरुणपणी एक दाट रेषा, मग पुढे अजून एक. तिसरा दात भांडणात मारल्या गेलेल्या माणसाचा. त्याच्यातही होती.

"ही आतली रेषा सगळ्या कपाटांत आहे," सुनीती म्हणाली. "लढाईवरून आलेल्यांत, पुरातून वाचलेल्यांत, मार खाल्लेल्या बायकांत, आणि ज्यांचं वरवर सगळं छान चाललं होतं त्यांच्यातही. चार कपाटं आम्ही केली. शरीराला ती माहीत नाहीत. बाहेर झालेला हल्ला काही वर्षांनी आतली रेषा होऊन बसतो. तुम्ही ज्याला आत्महत्या म्हणून नोंदवता, त्याचं मूळ कित्येकदा आधीच्या तीन कपाटांत असतं."

रणपिसेबाई भिंतीजवळ गेल्या. "आणि प्रत्येक काळ्या रेषेनंतर हा पांढरा पट्टा कसला?"

"परतथर," रेमंड म्हणाले. त्यांच्या आवाजातली चेष्टा आता गेली होती. "माणूस उंबरठ्यावरून मागे आला की पुढच्या काही महिन्यांत हा बसतो. दुधासारखा स्वच्छ. बाई, एकेक माणूस किती वेळा परत आलाय बघा. शेजाऱ्याला पत्ता नाही, बायकोला पत्ता नाही, कधी कधी त्याचा त्यालाही नाही."

"कशानं परततात?"

"ज्या जिवंत माणसांचे दात कारणाकारणानं काढावे लागले, त्यांना आम्ही विचारलं. कुणाचे औषधोपचार सुरू झाले होते. कुणाला मित्रानं बळेच कामाला ओढलं होतं. कुणाकडे मावशी राहायला आली होती आणि जाता जात नव्हती. एकट्यानं परतलेला माणूस अजून आम्हाला सापडलेला नाही. एक धनगर तसा सांगत आला होता. चौकशी केली तर त्याच्याबरोबर शंभर मेंढरं होती."

रणपिसेबाई या वेळी हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "मी आयुष्यभर मेलेले मोजले," त्या म्हणाल्या. "परतलेल्यांना कप्पाच नाही हो आमच्याकडे."

त्यांनी भिंतीला हात जोडले. देवळातून निघताना माणूस जसा पाठ न दाखवता मागे सरतो, तशा दारापर्यंत गेल्या आणि निरोप घेऊन निघाल्या.

त्या गेल्यावर सुनीतीनं थरवाचकात एक नवा नमुना ठेवला. नमुन्यांवर नावं नसत, फक्त क्रमांक असत, त्यामुळे ही दाढ कुणाची हे रेमंडना ठाऊक नव्हतं. श्रेणिक गेला त्याच्या आदल्या आठवड्यात त्यानं किडलेली दाढ काढून घेतली होती. ती आईनं जपून ठेवली असेल, या आशेनं सुनीती पाडव्यापासून आईच्या मागे लागली होती. आई आधी "बघू" म्हणाली, मग "घावत न्हाई" म्हणाली, आणि शेवटी गेल्या महिन्यात तिनं कापसात गुंडाळलेली एक दाढ लेकीच्या हातावर ठेवली.

यंत्रानं बाहेरच्या कडेपासून वाचायला सुरुवात केली. अगदी काठावर धुरकट, दाट रेषा उमटली. तिच्याबाहेर पांढरं काही नव्हतं.

सुनीती खुर्चीत बसली. दादा पाय घसरून पडला नव्हता. कित्येक आठवडे तो उंबरठ्यावर उभा होता, आणि त्या आठवड्यांत ती बेंगळुरूला बसून त्याला फोनवर विनोद पाठवत होती.

"काय गं?" रेमंड म्हणाले. "कुणाची आहे ही?"

"माझ्या भावाची."

रेमंडनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. पण नजर भिंतीवरच होती. तीस वर्षांची सवय दुःखातही सुटत नाही. "कृष्णाकाठचा ना तो? मग कालखूण कुठे आहे?"

महापुरात त्या खोऱ्यातल्या सगळ्यांनी गढूळ पाणी प्यायलं होतं. त्या गाळातलं खनिज प्रत्येकाच्या मूळलेपात लालसर रेघ होऊन बसलं होतं. त्या भागातला कुठलाही दात वाचताना वर्ष ठरवायला संस्था हीच खूण वापरत असे. श्रेणिक पुराच्या पुढच्याच वर्षी गेला, म्हणजे लाल रेघ काठाच्या अगदी लगत हवी होती.

ती तिथे नव्हती. रेमंडनी चित्र आत आत सरकवलं. एक थर, दुसरा, तिसरा. लाल रेघ सापडली तेव्हा तिच्यावर नऊ वर्षांचे थर चढलेले होते.

"सुनीती," ते हळूच म्हणाले, "या दाढेचा माणूस पुरानंतर नऊ वर्षं जगलाय. आणि आतले थर बघ. वय साठीच्या पुढचं आहे. हा तुझा भाऊ नाही."

सुनीती उठून भिंतीपाशी गेली. लाल रेघेच्या पुढच्याच थरात, म्हणजे दादा गेला त्या वर्षी, आणखी एक धुरकट रेषा होती. इतकी दाट रेषा तिनं चारही कपाटांत पाहिली नव्हती. आणि तिला लागून परतथर होता, रुंद, पांढराशुभ्र. त्या वर्षी सुनीती नोकरी सोडून घरी आली होती आणि आठ महिने गावातच राहिली होती.

ती दाढ कुणाची हे तिला कळलं. मागोमाग दुसरी गोष्ट कळली.

"सर, आईची दाढ आहे ही. आणि काठावरची रेषा."

"हो. उघडी आहे. दाढ काढली तिथे नोंद थांबली. पुढे काय झालं ते दाढेला माहीत नाही." रेमंडनी मोटारीची किल्ली तिच्या हातात कोंबली. "ती रेषा या पाच-सहा महिन्यांतली आहे. पळ."

पाडव्यापासूनच्या महिन्यांतली ती रेषा होती. सुनीती आईकडे दाढ मागत होती, ते हेच महिने.

ती गावात पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. वाटेत तिनं दोनदा फोन केला होता. आईनं उचलला नव्हता. तिनं अंगणाचं फाटक ढकललं. आई पडवीत बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. सुनीती तिथेच पायरीवर बसली आणि तिनं आधी पोटभर श्वास घेतला.

"अगं, फोन तरी करायचास की," आई म्हणाली.

"केला होता. दाढ कवा काढलीस, आई?"

आईचा हात शेंगेवर थांबला. "दादाची दवाखान्यातच टाकली तवा. किडकी दाढ कोन ठेवतंय गं? तू सारखी मागायलीस. मागल्या म्हयन्यात माजी काढली, ती दिली तुला."

"कशाला पण?"

"म्हटलं, म्हातारीच्या दाढंत काय घावणार? काय घावलं न्हाई तर तू म्हणशील, दादा घसरला. सुटशील एकदाची."

सुनीतीला हसू आलं आणि रडूही आलं, आणि तिनं दोन्ही येऊ दिलं. "तुझ्या दाढंत सगळं घावलं, आई. दादा गेल्यावरचं घावलं, आणि आत्ताचं बी."

आईनं टरफलं बाजूला सारली. "कुणाला सांगू नगंस," ती म्हणाली. मग म्हणाली, "तवा तू आलतीस. निस्ती पडून असायचीस. मला वाटायचं, हिला उठवाय पायजे, जेवाय घालाय पायजे. म्हनून मी उठत हुते."

त्या आठ महिन्यांत आई किती खंबीर राहिली, असं सुनीती आठ वर्षं सगळ्यांना सांगत आली होती. तिच्या स्वतःच्या दातांतही त्या वर्षाचा पांढरा थर असणार, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. दोघींनी एकमेकींना ओढून आणलं होतं, आणि दोघींनाही वाटत होतं की आपण दुसरीला सांभाळतोय.

"दादाचं आता काय कळणार न्हाई," आई म्हणाली.

"न्हाई कळणार. मी बी आता विचारणार न्हाई." सुनीतीनं सूप आपल्याकडे ओढलं आणि शेंगा फोडायला घेतल्या. "उद्या मिरजेला जाऊ, मनाच्या डॉक्टरीणबाई हायत त्यांच्याकडं. आणि मी आता इथंच राहणार. मागे फिरलं की दातावर पांढरा थर बसतोय, आई. त्याला वेळ लागतोय."

आईनं जरा विचार केला. "दाढ तर काढली की. त्यो थर बसायचा कुठं?"

"ऱ्हायलेल्या दातांवर."

"धाच हायत," आई म्हणाली, आणि खरंखोटं करायला तिनं तोंड उघडून मान वर केली.

सुनीती पुढे वाकली. तिनं त्या पिवळट, झिजलेल्या दातांकडे बघितलं. दादाचा जन्म, महापूर, ते वर्ष, आणि ते वर्ष ओलांडून आलेला प्रत्येक दिवस तिथे होता. उन्हाच्या तिरिपेत तिनं एकेक दातावर बोट ठेवून मोजलं, आणि खात्री करायला पुन्हा एकदा मोजलं.

"धा न्हाईत, आई," ती म्हणाली. "अकरा हायत."