मॉडेलमधला जाडा माणूस

जन्मभर विनोदी लिहून पोट भरलं, त्यामुळे माझं खरंही कुणाला खरं वाटत नाही. पण हे घडलं. गेल्या उन्हाळ्यात, भरदुपारी. भुताला रात्रच लागते असं काही नाही.

माझा थोरला भाऊ नामांकित आर्किटेक्ट. शहरात मान वर केली की दादाचीच एखादी गगनचुंबी इमारत दिसायची.

आणि दादाला उंचीची भीती वाटायची.

हे घरातच ठेवलं होतं. बांधकामाच्या फाटकाशी दुर्बीण घेऊन उभा राहायचा आणि वरच्या गवंड्यांना फोनवरून झापायचा. त्याच्या शेवटच्या इमारतीत सगळ्यात वर मी राहतो. एकदाही घरी आला नाही. खालूनच फोन, "खाली ये रे, चहा घेऊ!"

इमारतीच्या पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये छोटी माणसं चिकटवतात, उंचीचा अंदाज यावा म्हणून. त्यातला एक दादासारखाच जाडा, कमरेवर हात ठेवलेला, तो स्वतः चिकटवायचा.

कायम फाटकाबाहेर.

दादा गेला. ऑफिस त्याच्या मुलीकडे आलं. बिल्डरला माझ्या डोक्यावर आणखी मजले चढवायचे होते. दादाने जिवंतपणी साफ नकार दिला होता, "पायाला झेपणार नाही."

"काका, नवे इंजिनिअर म्हणतात झेपेल," पुतणी म्हणाली. "बाबा जरा भित्रेच होते."

तिने मॉडेलवर नवे मजले बसवले. दुसऱ्या दिवशी नकाशांवर सही करायची होती.

त्या दुपारी तिचा फोन आला. "काका, लगेच या."

मॉडेलच्या फाटकाबाहेर जाडा नव्हता...

तो जिन्यात होता.

"कुणाची तरी चेष्टा," मी म्हणालो.

"मला तुमचाच संशय होता."

साहजिक आहे.

ऑफिसला कुलूप घालून आम्ही समोर चहा घेतला. परतलो...

जाडा मधल्या मजल्यावर. भिंतीला चिकटून.

कमरेवरचे हात आता कठड्यावर होते.

आम्ही मॉडेलसमोर बसून राहिलो. अचानक वीज गेली. पंखा थांबला. आणि ऐकू आली... कुणाला तरी लागलेली धाप.

आमच्यापैकी कुणाचीच नव्हती.

पडदा बाजूला सारून उजेड आत घेतला. नवे मजले टेबलावर आडवे पडले होते. जाडा गच्चीवर बसला होता. डोळे हातांनी झाकून.

"बाबा..." पुतणी मॉडेलवर वाकली. "एवढ्या उंच?"

तिने सही केली नाही. पायाला खरंच झेपलं नसतं का, देव जाणे.

जाड्याला परत फाटकाशी ठेवू म्हटलं, तर तो जागचा हलेना.

तेव्हापासून दुपारी माझ्या छतावर पावलं वाजतात. हळू... फरफटत... आणि थांबतात. जिद्दीने चढला खरा. उतरणार कसा?

काल धीर करून गच्चीच्या दाराशी गेलो.

"दादा, खाली ये रे. चहा घेऊ."

दाराला पलीकडून हलकेच रेटा बसला...

भित्रेपणा आमच्या घराण्यातच आहे.

कडी माझ्या बाजूला आहे. अजून काढलेली नाही.